बोनेटखालची अदलाबदल

१९२९ च्या नाताळात अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात, कोलंबस नावाच्या गावी, क्लेसी कमिन्सने आपल्या भांडवलदाराला मोटारीतून फिरवून आणलं. भांडवलदार म्हणजे डब्ल्यू. जी. अर्विन हे बँकवाले. कमिन्स पूर्वी त्यांच्याकडे ड्रायव्हर होता. १९१९ पासून त्याच्या डिझेल इंजिनांच्या कारखान्यात अर्विन यांचा पैसा अडकला होता आणि कारखाना काही कमावत नव्हता. त्या दिवशीची मोटार होती पॅकार्ड लिमोझिन. मात्र तिचं पेट्रोल इंजिन उतरवून कमिन्सने तिथे आपलं डिझेल बसवलं होतं. अर्विन यांना फेरी पसंत पडली आणि पैशाचा ओघ चालू राहिला. मग काही दिवसांतच हीच गाडी घेऊन कमिन्स इंडियानापोलिसहून न्यूयॉर्कच्या मोटार प्रदर्शनाला गेला. अंतर सुमारे ८०० मैल, तेलाचा खर्च १ डॉलर ३८ सेंट.

आज अमेरिकेतल्या घरगुती गॅरेजांत जुन्या पिकअप ट्रकांना डिझेल इंजिन बसवण्याचा जो उद्योग चालतो, त्याचा मूळपुरुष हा असा. आणि त्यातलं इंजिनही बहुधा त्याच्याच कंपनीचं असतं.

पिकअप म्हणजे तिकडे आपल्यासारखं भाजी-सिमेंटचं भाड्याचं वाहन नव्हे. शेवरले सी-१० किंवा फोर्ड एफ-१०० म्हणजे शेतावरचं, घरचं, रविवारी चर्चला जाणारं वाहन. आजोबांनी घेतलं, बापाने वापरलं, आता नातवाच्या दारात उभं आहे. तीन माणसं एका सलग सीटवर बसतात. १९६७ ते १९७२ च्या सी-१० मध्ये या सीटच्या मागे, केबिनच्या आतच, पेट्रोलची टाकी असते. वळणावर पेट्रोल हिंदकळलेलं पाठीला ऐकू येतं. ४.१ लिटरचं सहा सिलिंडरचं साधं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावर तीन गिअर. गाडी मोडीत काढायला मन धजत नाही, आणि मागे घोड्यांचा ट्रेलर लावून डोंगर चढायचा म्हटलं तर जुनं इंजिन धापा टाकतं. इथून डिझेलचा विचार सुरू होतो.

अनेक वर्षं या कामासाठी मुख्यतः दोनच नावं होती. १९८९ मध्ये क्रायस्लरने डॉज पिकअपला कमिन्सचं ५.९ लिटरचं सहा सिलिंडर डिझेल दिलं. १६० अश्वशक्ती म्हणजे आकडा काही डोळे दिपवणारा नाही, पण टॉर्क ४०० पाउंड-फूट, आणि तोही १७०० च्या आत-बाहेर आरपीएमला. अपघातात मोडलेल्या डॉजमधून हे इंजिन काढायचं आणि जुन्या ट्रकात घालायचं. दुसरं त्याच घराण्यातलं चार सिलिंडरचं, ३.९ लिटरचं. ते पाव आणि चिप्स पोचवणाऱ्या चौकोनी व्हॅनमध्ये असायचं. व्हॅन भंगारात गेल्या की इंजिनं बाजारात येत.

मराठी वाचकाला यातलं पहिलं इंजिन कानाने ओळखीचं आहे. कमिन्सने किर्लोस्करांबरोबर १९६२ मध्ये पुण्यात कारखाना काढला, तो कोथरूडचा. नंतर टाटांबरोबर जमशेदपूरला ५.९ लिटरचं हेच इंजिन बनू लागलं आणि टाटाच्या ट्रकांत बसलं. खंबाटकीच्या चढावर माल भरलेला टाटा ट्रक जो खडखडाट करत जातो, तो ऐकायला टेक्सासातला माणूस पैसे मोजतो. मला त्याचं हसूही येतं आणि कौतुकही वाटतं.

या जुन्या इंजिनांची खरी मोहिनी म्हणजे त्यांना वीज जवळपास लागतच नाही. सेल्फने फिरवलं, तेल बंद-चालू करणाऱ्या सोलेनॉइडला बारा व्होल्टची एक वायर दिली, की काम झालं. संगणक नाही, सेन्सर नाही. मात्र खोडीही आहे आणि ती जीवघेणी आहे. टायमिंग गिअरच्या पुढच्या डब्याला जागेवर धरणारी पोलादी पिन असते, करंगळीहून बारीक. वर्षानुवर्षांच्या थरथरीने ती भोकातून हळूहळू बाहेर सरकते आणि एके दिवशी फिरत्या गिअरमध्ये पडते. दात तुटतात, डबा फुटतो, नशीब फुटकं असेल तर सगळं इंजिन जातं. अमेरिकन मेकॅनिक तिला ‘किलर’ पिनच म्हणतात. उपाय मात्र अगदी थोड्या खर्चाचा. पुढचं कव्हर उघडायचं आणि शेजारच्या बोल्टखाली पत्र्याची पट्टी अशी अडकवायची की पिनेला बाहेर यायला वाटच उरणार नाही. जुनं इंजिन विकत घेताना जो हे आधी विचारतो, त्याला काम कळतं असं समजावं.

इंजिन मिळालं म्हणजे अर्धं काम झालं असं नवख्याला वाटतं. प्रत्यक्षात काम तिथे सुरू होतं.

पहिली अडचण वजनाची. सहा सिलिंडरचं डिझेल जवळपास ५०० किलोचं, म्हणजे शेवरलेच्या मूळ इंजिनाच्या दुपटीहून जास्त. पुढच्या स्प्रिंगा बसतात, चाकं आत झुकतात, ब्रेक अपुरे पडतात. चार सिलिंडरचं सुमारे ३४० किलोचं, पण ते इतकं थरथरतं की फाउंडेशनचे रबर कितीही मऊ घेतले तरी आरशात मागची गाडी दिसते ती धुरकटच. सहा सिलिंडरमध्ये हे हादरे एकमेकांना खाऊन टाकतात, चारमध्ये उरतात. त्याला इलाज नाही.

दुसरी अडचण गतीची, आणि इथेच बहुतेक लोक फसतात. जुन्या ट्रकच्या डिफरन्शियलचं प्रमाण पेट्रोल इंजिनाच्या हिशेबाने ठरवलेलं. समजा ते ४.११ आहे आणि टायर २९ इंची. ताशी ६० मैलांना इंजिन २८५० आरपीएमच्या आसपास फिरेल. पावाच्या व्हॅनमधलं डिझेल साधारण २५०० वरच गव्हर्नरने रोखलेलं असतं. म्हणजे हायवेवर गाडी साठ गाठणारच नाही. ३.०७ चं डिफरन्शियल घातलं की तोच वेग २१३० ला मिळतो. किंवा ओव्हरड्राइव्हचा गिअरबॉक्स घ्यायचा. तो तसाही घ्यावा लागतो, कारण जुना तीन गिअरचा डबा एवढा टॉर्क फार दिवस सोसत नाही.

मग ब्रेकचा बूस्टर. पेट्रोल इंजिनात कार्बोरेटरची झडप हवा अडवते, तिच्यामागे जे शोषण तयार होतं त्यावर बूस्टर चालतो. डिझेलला ती झडपच नाही, म्हणून शोषणही नाही. वेगळा व्हॅक्यूम पंप लावा, नाहीतर पॉवर स्टिअरिंगच्या तेलदाबावर चालणारा बूस्टर बसवा. शिवाय डिझेल पंप गरजेपेक्षा जास्त तेल ओढतो आणि उरलेलं परत पाठवतो, तेव्हा टाकीला परतीची नळी हवी. पन्नास वर्षांचा गंज आणि पेट्रोलची खळ असलेल्या टाकीत डिझेल भरणं म्हणजे नोझलचं मरण. बहुतेक जण सीटमागची टाकी काढून मागच्या हौद्याखाली नवीच बसवतात. केबिनमधला वास जातो आणि सीटमागे सामानाला जागा होते. सगळ्या उपद्व्यापातला हा एक निखळ फायदा.

२०१७ मध्ये कमिन्सने खास या हौशी लोकांसाठी आर-२.८ नावाचं इंजिन खोक्यात भरून बाजारात आणलं. २.८ लिटर, चार सिलिंडर, १६१ अश्वशक्ती, वजन फक्त २३० किलोच्या घरात. मूळ इंजिन कमिन्स आणि फोटोन यांच्या बीजिंगच्या कारखान्यातलं, हलक्या ट्रकांसाठीचं. रशियातल्या गाझेल व्हॅनमध्येही तेच असायचं. सोबत संगणक, वायरिंगचा जुडगा आणि इलेक्ट्रॉनिक अॅक्सिलरेटर. तेव्हाची किंमत सुमारे नऊ हजार डॉलर. २००० सालाआधीच्या गाड्यांसाठी प्रदूषणाच्या कागदपत्रांची सोयही त्यांनी करून ठेवली होती. तिकडचा नियम असा की बदली इंजिन गाडीच्या सालाइतकं किंवा त्याहून नवं आणि रस्त्यावरच्या वाहनासाठी प्रमाणित हवं. कॅलिफोर्नियासारख्या राज्यात तपासणी जास्तच कडक. शेतावरच्या जनरेटरचं इंजिन उचलून गाडीत टाकणाऱ्याची तिथे पंचाईत होते.

जुन्या यांत्रिक इंजिनाचे भक्त आर-२.८ ला नाकं मुरडतात. आवाज नाही, दम नाही, वायरीच फार. माझं मत उलट आहे. घरची गाडी घरच्यांनी चालवायची असेल, तर स्टिअरिंग, स्प्रिंगा, चॅसी यांचा तोल न बिघडवणारं इंजिनच तिला शोभतं. पाचशे किलोचं धूड बसवलं की पिकअप प्रदर्शनाची होते आणि आजी पुन्हा तिच्यात बसत नाही.

पैशाच्या हिशेबाने मात्र यातलं काहीच टिकत नाही. इंजिन, गिअरबॉक्स, त्या दोघांना जोडणारी पट्टी, डिफरन्शियल, टाकी, ब्रेक मिळून जो आकडा होतो, तो वाचलेल्या तेलातून कधी वसूल होत नाही; त्यात अमेरिकेत डिझेल बहुधा पेट्रोलहून महाग. मूळ इंजिन धड असेल तर त्याचंच काम करून घ्यावं. ते गेलंच असेल आणि गाडी रोज ओझं ओढणार असेल, तरच डिझेलकडे वळावं.

आणि हे वाचून कोणाला दारातल्या जुन्या जीपची आठवण झाली असेल, तर त्यांनी इंजिन उतरवण्याआधी आरटीओत जावं. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाखाली परवानगी आणि आरसीवर नोंद असल्याशिवाय अशी गाडी रस्त्यावर आणता येत नाही.