परदेशातलं बिऱ्हाड (भाग ५) : जर्मनीत पत्ता लागतो तेव्हा

जर्मनीतल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नवा माणूस आला की त्याला आधी नोकरीचं विचारत नाहीत. ‘आनमेल्डुंग झालं का?’ असं विचारतात.

राहायला आल्यापासून 2 आठवड्यांत आपला पत्ता नगर कार्यालयात नोंदवायचा, याला आनमेल्डुंग म्हणतात. हे बंधन फक्त परक्यांवर नाही. बर्लिनकराने म्युनिकला बिऱ्हाड हलवलं तर त्यालाही ते चुकत नाही. पासपोर्ट आणि फॉर्म सहज जमतात. घोडं अडतं ते घरमालकाच्या दाखल्यापाशी. अमुक माणूस अमुक तारखेला या घरात राहायला आला, एवढाच मजकूर आणि खाली सही. नोव्हेंबर 2015 पासून तो सक्तीचा आहे. नुसता भाडेकरार दाखवून भागत नाही. म्हणूनच ‘इथे नोंदणी करता येणार नाही’ अशा अटीची स्वस्त खोली शेवटी महागात पडते. कागदापुरता पत्ता विकणारेही भेटतात. त्यांच्या नादी लागू नये. या धंद्याला 50,000 युरोंपर्यंत दंड आहे.

मोठ्या शहरांत कार्यालयाची वेळ मिळेपर्यंत मुदत उलटून जाते. अशा वेळी वेळ मागितल्याचा ईमेल जपून ठेवावा. रद्द झालेल्या वेळा वेबसाइटवर पुन्हा दिसू लागतात, त्यामुळे पहाटे उठून पान रिफ्रेश करत बसणारे बरेच आहेत.

फॉर्मवर धर्माचा रकाना असतो, आणि तो सहज भरून टाकण्यासारखा नाही. वसईच्या किंवा गोव्याच्या माणसाने तिथे ‘रोमन कॅथलिक’ लिहिलं, की त्याच्या आयकरावर चर्चचा कर चढतो: बव्हेरिया आणि बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये 8 टक्के, बाकी राज्यांत 9. हिंदूंना तो नाही.

नोंदणी झाली की 11 आकडी करक्रमांक टपालाने घरी येतो. तो नोकरीच्या मालकाला वेळेत दिला नाही तर पगारातून सहाव्या करवर्गाने, म्हणजे सर्वांत जड दराने, कपात होऊ शकते. जादा गेलेले पैसे पुढे परत मिळतात खरे, पण पहिल्या महिन्यांत डिपॉझिट भरून खिसा रिकामा झालेला असतो, त्याचं काय!

आता हे पत्र पोचणार कसं? आपल्याकडे ‘बी विंग, फ्लॅट 302, मारुतीच्या देवळासमोर’ असं लिहिलं की पोस्टमन दार शोधून काढतो. जर्मन पत्त्यात बहुधा फ्लॅटचा क्रमांकच नसतो. इमारतीच्या दाराशी पत्रपेट्यांची रांग असते आणि पोस्टमन पेटीवरचं आडनाव वाचतो. ते नसेल तर पत्र आल्या वाटेने परत. सामान उघडायच्या आधी पेटीवर आणि बेलवर चिठ्ठी चिकटवावी, आडनाव पासपोर्टवर आहे तसंच लिहावं. बँकेचं कार्ड आणि विम्याचं कार्ड याच पेटीत येतं.

याच पेटीत एक नकोसं पत्रही पडतं, ते नभोवाणी-दूरदर्शनच्या वर्गणीचं. घरात टीव्ही असो वा नसो, दरमहा 18.36 युरो. मात्र वर्गणी माणशी नसून घरटी आहे. चौघं मिळून राहत असतील तर एकाने भरावी आणि बाकीच्यांनी त्याचा वर्गणी क्रमांक कळवून मोकळं व्हावं. जाहिरात समजून पत्र केरात टाकलं तर थकबाकी वाढत जाते आणि पुढे वसुलीची नोटीस येते.

(पुढील आठवड्यात : आरोग्यविमा, सरकारी की खासगी?)