अमेरिकन चित्रमालिका व चित्रपुस्तिका

ठराविक पात्रे योजून, क्रमवार चौकटींतील चित्रे व फुग्यांतील संवाद यांच्या द्वारा सांगितलेली कथा म्हणजे चित्रमालिका. वृत्तपत्रात ती रोज तीन-चार चौकटींच्या पट्टीत व रविवारी रंगीत पुरवणीत येते. स्वतंत्रपणे विकल्या जाणाऱ्या पुस्तिकेस चित्रपुस्तिका किंवा ‘कॉमिक’ म्हणतात. दोहोंचे तंत्र एकच असले, तरी विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेत त्यांची वाटचाल भिन्न झाली. वितरणव्यवस्था व वाचकवर्ग यांतील फरक हे त्याचे प्रमुख कारण होय.

वृत्तपत्रीय मालिका : देशभरच्या वृत्तपत्रांना मालिका पुरविण्याचे काम सिंडिकेट ही मध्यस्थ संस्था करी व मालिकेची मालकीही बहुधा तिच्याकडेच असे. टेरी अँड द पायरेट्स (१९३४) या साहसमालिकेचा जनक मिल्टन कॅनिफ याने याच कारणास्तव ती १९४६ मध्ये सोडली आणि स्वतःच्या मालकीची स्टीव्ह कॅन्यन १९४७ मध्ये सुरू केली. चार्ल्स शुल्झची पीनट्स २ ऑक्टोबर १९५० रोजी ७ वृत्तपत्रांत सुरू झाली. हे नावही त्याच्या इच्छेविरुद्ध सिंडिकेटने दिलेले होते. मात्र वृत्तपत्राचे वाचक प्रौढ असल्याने राजकीय उपरोधास वाव मिळे. वॉल्ट केली याने पोगो या मालिकेत १९५३ साली सिनेटर जोसेफ मॅकार्थी याच्याशी साम्य असलेले रानमांजर रंगविले.

चित्रपुस्तिका : वृत्तपत्रीय मालिकांच्या पुनर्मुद्रणातून १९३३-३४ च्या सुमारास १० सेंट किंमतीच्या पुस्तिका निघाल्या. १९३८ मध्ये ‘सुपरमॅन’ अवतरला आणि स्वतंत्र कथांचे युग सुरू झाले. जेरी सीगल व जो शुस्टर या त्याच्या निर्मात्यांनी सर्व हक्क १३० डॉलरना विकले होते. दीर्घ झगड्यानंतर १९७५ मध्ये त्यांना निवृत्तिवेतन मिळाले. महायुद्धानंतर गुन्हेगारी व भयकथांचा भर वाढला. फ्रेड्रिक वर्दम या मानसोपचारतज्ञाने १९५४ च्या आपल्या ग्रंथात बालगुन्हेगारीचा संबंध या पुस्तिकांशी जोडला व त्याच वर्षी सिनेटच्या उपसमितीने चौकशी केली. शासकीय निर्बंध टाळण्यासाठी प्रकाशकांनी स्वतःच आचारसंहिता स्वीकारली. तिला कायद्याचे बळ नव्हते. परंतु संहितेची मुद्रा नसलेले अंक वितरक सहसा घेत नसत. एका कथेतील अंतराळवीर कृष्णवर्णीय असण्यासही संहितेच्या प्रशासकाने आक्षेप घेतला. प्रकाशक विल्यम गेन्स याने कथा न बदलता छापली, पण त्यानंतर चित्रपुस्तिकांचे प्रकाशन थांबविले. त्याचे मॅड १९५५ मध्येच मासिकाच्या रूपात आल्याने संहितेच्या कक्षेबाहेर राहून टिकले.

संहितेमुळे हिंसेच्या विकृत चित्रणास आळा बसला. पण प्रौढांसाठी गंभीर विषय हाताळण्याची वाटही दीर्घकाळ रोधली गेली. वर्दमने आपल्या रुग्णांच्या हकीकतींत फेरफार केल्याचे त्याच्या कागदपत्रांच्या अभ्यासातून २०१२ मध्ये दाखविण्यात आले. तत्पूर्वी, २०११ मध्ये, उरलेल्या प्रकाशकांनीही संहिता सोडली होती.

भारतीय वाचकांना या परंपरेचा परिचय मुख्यतः ली फॉकच्या फँटम (१९३६) या मालिकेमुळे झाला. मुंबईहून १९६४ मध्ये निघू लागलेल्या इंद्रजाल कॉमिक्सने तिच्या कथा पुस्तिकारूपाने घरोघरी नेल्या.