यंत्राला विजेचा धक्का का द्यावा?

वळवाचा पाऊस येतो, दूर कोठे तरी वीज कडाडते, आणि घरातला दूरदर्शन संच किंवा कारखान्यातल्या यंत्राचे कंट्रोल पॅनेल मुके होऊन बसते, हा अनुभव आपल्यापैकी पुष्कळांना असेल. वीज घरावर पडलेली नसते. मग बिघडले काय? जवळपास पडलेल्या विजेमुळे तारांमध्ये क्षणभर मोठा दाब उत्पन्न होतो आणि तो तारेतून आपल्या दाराशी येतो. यालाच सर्ज म्हणतात. आपण त्याला लाट म्हणू. ही लाट केवळ आकाशातूनच येते असे नाही. मोठी मोटर बंद करताना, कपॅसिटरची बँक चालू करताना किंवा शॉर्ट सर्किट होऊन फ्यूज उडताना ती वस्तीतल्या वस्तीतच जन्मते.

आम्ही कॉलेजात गेलेलो नाही. जे शिकलो ते यंत्रापाशी, वायरमन मंडळींपाशी आणि रात्री पुस्तके उघडून. म्हणून हा विषय आम्ही कामगाराच्या बाजूने मांडणार आहोत.

यंत्र अशा लाटेपुढे टिकेल की नाही, हे पाहण्यासाठी पावसाची वाट पाहणे परवडत नाही. प्रयोगशाळेत लाट मुद्दाम तयार करावी लागते, आणि ती सर्वत्र सारखी असावी लागते. नाही तर एका शाळेत पास झालेले यंत्र दुसरीत नापास व्हायचे. 1906 साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोगाने यासाठी 61000-4-5 या क्रमांकाचे मानक केले. त्याची पहिली आवृत्ती 1995 सालची, तिसरी 2014 सालची.

या मानकातली लाट 1.2 मायक्रोसेकंदात उसळते आणि 50 मायक्रोसेकंदांत निम्मी होते. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. पापणी लवायला सेकंदाचा दहावा हिस्सा धरला, तर तेवढ्या अवकाशात अशा दोन हजार लाटा एकामागून एक बसतील. लाटेची उंची 500, 1000, 2000 किंवा 4000 व्होल्ट अशा पायऱ्यांनी ठरते. आपल्या घरातल्या 230 व्होल्टचे शिखर सुमारे 325 व्होल्ट असते, हे ध्यानात घेतले म्हणजे 4000 चा अर्थ कळतो. जनरेटरचा अंतर्गत अवरोध अवघा 2 ओहम असतो; म्हणून टोके आखूड जोडली तर 4000 व्होल्टला 2000 अँपियर प्रवाह उसळतो.

ही लाट सरळ तारेत सोडली तर शेजारच्या खोलीतली यंत्रेही जळतील. म्हणून मध्ये एक पेटी ठेवतात. ती लाट परीक्षेच्या यंत्राकडे जाऊ देते आणि इमारतीच्या तारांकडे जाताना अडवते. दोन तारांमध्ये लाट द्यायची तर 18 मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून देतात; तार व अर्थिंग यांच्यामध्ये द्यायची तर 9 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर व 10 ओहमचा अवरोध यांतून.

आता हिशेब पाहा. यंत्राच्या स्वतंत्र मानकात निराळे सांगितले नसेल, तर घरगुती विजेच्या जोडणीवर पाच धन व पाच ऋण ठोके द्यायचे, तेही विजेच्या फेऱ्यातील 0, 90, 180 आणि 270 अंशांवर. म्हणजे एका जोडणीला 40 ठोके. फेज, न्यूट्रल आणि अर्थिंग यांच्या तीन जोड्या धरल्या की 120. दोन ठोक्यांमध्ये साधारणपणे एक मिनिट थांबायचे, कारण यंत्रातील संरक्षक भाग प्रत्येक ठोक्याने तापतो व त्याला निवायला अवधी लागतो. एका पायरीला असे दोन तास गेले.

शिवाय फक्त वरच्या पायरीवर पास होऊन भागत नाही. खालच्या पायऱ्याही टिकल्या पाहिजेत. हे वरवर उलटे वाटते. पण 4000 व्होल्टची लाट आली की आतली संरक्षक नळी पेटते आणि लाट स्वतःवर घेते. लहान लाटेला ती जागीच होत नाही आणि मागचे नाजूक भाग उघडे पडतात. घरावर मोठा दरोडा पडला तर गाव जागे होते, भुरटा चोर मात्र निसटतो, तसेच हे आहे. घाई करून खालच्या पायऱ्या गाळणारा कारखानदार स्वतःलाच फसवतो, आणि पुढे गिऱ्हाइकाला.

ही परीक्षा घेणारा माणूसही कामगारच आहे. 10 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर 4000 व्होल्टला भरला तर त्यात 80 ज्यूल ऊर्जा साठते. आठ किलोचे वजन एक मीटर उचलण्याइतकी. ती एका क्षणात अंगातून गेली तर जीव जाऊ शकतो. दुसरा धोका अधिक लपलेला आहे. 230 व्होल्टची तार आणि अर्थिंग यांमध्ये 9 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बसला, की लाट नसतानाही त्यातून सुमारे 0.65 अँपियर प्रवाह अर्थिंगकडे वाहतो. घरातला गळती-रक्षक 0.03 अँपियरलाच वीज तोडतो! अर्थिंगची तार सुटलेली असेल तर यंत्राचा पत्रा जिवंत होतो. म्हणून अर्थिंग सर्वांत आधी जोडावे, सर्वांत शेवटी काढावे. झाकण उघडताच जनरेटर बंद पडेल अशी कळ असावी. तार हाताळण्यापूर्वी कपॅसिटर रिकामा झाल्याची खात्री करावी. आणि खोलीत माणूस एकटा नसावा.

शेवटी निकाल. ‘अ’ म्हणजे यंत्र जसेच्या तसे चालले. ‘ब’ म्हणजे क्षणभर अडखळले व आपोआप सावरले. ‘क’ म्हणजे माणसाने येऊन पुन्हा चालू केले. ‘ड’ म्हणजे कायमचे बिघडले. कागदावर ‘ब’ हा ‘क’ पेक्षा चांगला दिसतो. पण पंख्यापुरता तो चांगला. प्रेसच्या यंत्रापुरता नव्हे. लाटेने थांबलेला प्रेस आपोआप पुन्हा चालू झाला आणि त्या वेळी कामगाराचा हात डायखाली असला, तर? तेथे यंत्र थांबून राहणे, माणसाने पाहून चालू करणे, हेच हिताचे. म्हणून कोणता निकाल चालेल हे परीक्षेआधी लिहून ठेवावे लागते. आणि ते लिहिताना यंत्रावर उभा राहणारा माणूस विचारात घ्यावा लागतो.

तेव्हा कारखान्यात नवे यंत्र येईल त्या दिवशी आपल्या माणसांनी चार प्रश्न विचारावेत. कोणत्या पायरीपर्यंत परीक्षा झाली? कोणत्या तारांवर? त्या वेळी यंत्र चालू होते की नुसते उभे? आणि पास म्हणजे नेमके काय ठरवले होते? हे विचारायला पदवी लागत नाही. ‘पास’ हा शिक्का पाहून मान डोलावण्यापेक्षा शिक्क्यामागचा कागद मागणे, एवढीच सवय आपण लावून घेतली, तर पुष्कळ बोटे शाबूत राहतील.