मोटारगाडी, जुनी : विद्युत् प्रारंभातील दोष
जुन्या मोटारगाडीचे एंजिन विजेच्या साहाय्याने सुरू होत नसल्यास त्याचे कारण घटमाला (बॅटरी), तारा, स्विच, प्रारंभक चलित्र (स्टार्टर) व ठिणगी मंडल या क्रमाने शोधतात. १९१२ सालच्या कॅडिलॅक गाडीत चार्ल्स एफ. केटरिंग यांचे विद्युत् प्रारंभक आले व हँडल मारण्याचे कष्ट आणि त्यातील धोका टळला. भारतीय कारागीर या साधनास ‘सेल्फ’ म्हणतात.

ब्रिटनमध्ये १९४८–७१ या काळात तयार झालेली मॉरिस मायनर ही या विवेचनास सोयीची गाडी होय. हिंदुस्थान मोटर्सची ‘बेबी हिंदुस्थान’ हे तिचेच भारतीय रूप होते. या गाडीत १२ व्होल्टची घटमाला असून तिचे धन अग्र सांगाड्यास जोडलेले असते. आजच्या गाड्यांत ऋण अग्र जोडतात. हा फरक न ओळखता जोडणी केल्यास जनित्र व रेडिओ यांना अपाय होतो. घटमाला काढताना सांगाड्यास जोडलेली तार प्रथम सोडवावी. नाही तर पान्याचा सांगाड्यास स्पर्श होऊन मोठी ठिणगी पडते आणि घटमालेतून निघणारा हायड्रोजन पेटू शकतो.

प्रारंभक मंडलातून एंजिन फिरताना सु. १०० ते १५० अँपिअर प्रवाह वाहतो. इतक्या प्रवाहास ०·०१ ओहम रोधही जाचक ठरतो. १५० अँपिअरला त्यात १·५ व्होल्ट दाब वाया जातो. चलित्र स्थिर असताना मात्र प्रवाह नसल्याने हाच सांधा पूर्ण १२ व्होल्ट दाखवितो व तपासणीचा छोटा दिवा लख्ख पेटतो. त्यामुळे चांगली घटमाला वा चलित्र बदलण्याचा खर्च पुष्कळदा विनाकारण होतो. दोष सुटे भाग जोडणाऱ्या सांध्यांत असतो.

प्रथम पुढचे दिवे लावून सेल्फ द्यावा. दिवे विझले, तर घटमाला उतरलेली आहे किंवा तिच्या अग्रावर पांढरट क्षार साचला आहे. दिवे तसेच राहून चलित्र हलले नाही, तर प्रवाह चलित्रापर्यंत पोहोचत नाही. दिवे मंदावून केवळ ‘ठक्’ असा आवाज आला, तर लहान दंतचक्र प्रचक्राच्या (फ्लायव्हीलच्या) दात्यांत अडकलेले असण्याचा संभव असतो. अशा वेळी ठिणगी मंडल बंद ठेवून व गाडी गिअरमध्ये घालून ती पुढेमागे हलवितात. उलट, चलित्र गरगर फिरून एंजिन मात्र फिरत नसल्यास दंतचक्राचा आटेदार दंड मळलेला असतो. तो रॉकेलने धुवावा. तेल घालू नये, कारण तेलावर धूळ बसून तोच दोष लवकर परततो.

यानंतर व्होल्टमापक वापरावा. पूर्ण भारित घटमालेचा दाब विश्रांत स्थितीत सु. १२·६ व्होल्ट असतो व एंजिन फिरताना तो ९·६ व्होल्टच्या खाली जाऊ नये. मापकाचे एक टोक घटमालेच्या शिशाच्या अग्रावर व दुसरे चलित्राच्या अग्रावर ठेवून सेल्फ दिला की त्या मार्गातील दाबाची घट थेट कळते. ती अर्ध्या व्होल्टहून अधिक असल्यास एकेक सांधा तपासावा. परतीच्या मार्गाकडे सहसा कोणी पाहत नाही. एंजिन रबरी आधारांवर बसविलेले असल्याने ते सांगाड्याशी जोडण्यास स्वतंत्र विणीव पट्टी असते. एंजिन दुरुस्तीनंतर ती जोडावयाची राहते किंवा नव्या रंगावरच आवळली जाते. मग सारा प्रवाह चोकच्या बारीक तारेतून जाऊ पाहतो व ती तार तापून धुरावते. चोकच्या गुंडीशी धूर दिसल्यास ही पट्टी आधी पाहावी.

एंजिन वेगाने फिरूनही पेट घेत नसल्यास ठिणगी पाहतात. स्पर्शकांमधील फट सु. ०·३५ ते ०·४० मिमी. असावी. सेल्फ सोडताक्षणीच एंजिन पेट घेत असल्यास चलित्र दाब खाली ओढीत आहे व ठिणगीच्या वेटोळ्यास तो अपुरा पडत आहे, असे समजावे. या गाडीस हँडलही लागते. हँडलने एंजिन सहज सुरू झाले, तर ठिणगी मंडल निर्दोष असून शोध पुन्हा जाड तारांकडे न्यावा लागतो.