पंधराशे रुपयांना उत्तर

१० नोव्हेंबर २०२४, रविवार. विधानसभेच्या मतदानाला दहा दिवस उरलेत. पनवेल मतदारसंघातल्या एका विरोधी उमेदवाराची पत्रकं आणि भाषणाचे मुद्दे लिहिणं हे माझं काम. कचेरी खांदेश्वर स्टेशनजवळ, भाड्याच्या गाळ्यात.

सकाळी साडेसहा
आधी समोरच्यांच्या बातम्या वाचायच्या, मग आपल्या. ५ तारखेला कोल्हापुरात सत्तेतल्या महायुतीने लाडकी बहीण योजनेचे महिन्याचे १५०० वरून २१०० रुपये करण्याचं वचन दिलं. दुसऱ्याच दिवशी मुंबईत बीकेसीतल्या सभेत आमच्या महाविकास आघाडीने महालक्ष्मी योजनेचे महिन्याला ३००० आणि बायकांना मोफत बसप्रवास जाहीर केला. आकड्यात आपण पुढे गेलो, असं आमच्या पोरांना वाटतं. मला नाही वाटत. समोरचा प्रचार २१०० वर चाललेलाच नाही. तो चाललाय ‘हे आले तर योजना बंद करतील’ या एका वाक्यावर. पुढे मिळणाऱ्या पैशाच्या आनंदापेक्षा हातचा जाण्याची धास्ती मोठी असते. उत्तर द्यायचं ते त्या धास्तीला.

आठ
स्टेशनवर पत्रकं. रविवार असल्याने ऑफिसवाले नाहीत, पण दुकानांत कामाला जाणाऱ्या मुली, वॉचमन, नर्सबाई आहेत. गाडी येईपर्यंत फक्त वरची ओळ वाचली जाते. आजची ओळ : ‘योजना चालूच राहील.’ ‘बंद होणार, हे खोटं’ हे शब्द मी काल मुद्दाम काढले. आरोप खोडताना तोच मोठ्या टायपात छापला की लोकांच्या लक्षात आरोपच राहतो.

साडेनऊ
कामोठ्यात गाठीभेटी. तिसऱ्या मजल्यावरच्या ताई दारातच उभ्या राहून बोलल्या, “दादा, पाच हप्त्यांचे साडेसात हजार दिवाळीच्या आधी खात्यात आले. पोरीच्या क्लासची फी भरली मी. तुमच्यातलेच काही जण म्हणत होते ना, मतांसाठी लाच आहे म्हणून?”

या प्रश्नावर वाद घालणारा कार्यकर्ता मला चालत नाही. पैसे आले आहेत, उपयोगी पडले आहेत, आणि ते त्यांच्या हक्काचे आहेत. हे सरळ कबूल करायचं, त्याशिवाय पुढचं कोणी ऐकत नाही. मग आमच्या बरोबरच्या काकूंनी फक्त विचारलं, “फराळाला तेल किती लागलं यंदा?” ताईंनी स्वतःच हिशोब मांडला. तेलाची पिशवी, चारशे रुपयांवर गेलेला लसूण, कांदा, सिलिंडर. तेव्हा कुठे मी सांगितलं, की सप्टेंबरच्या मध्यावर केंद्राने कच्च्या खाद्यतेलावरचं आयात शुल्क साडेपाचवरून साडेसत्तावीस टक्क्यांवर नेलं आणि तेल तिथून चढलं. सोयाबीनच्या शेतकऱ्याला भाव मिळावा हे त्यामागचं कारणही सांगितलं. ते लपवलं असतं तर उद्या समोरच्याने सांगितलं असतं, आणि आम्ही खोटे पडलो असतो.

दुपारी एक
दोन्हीकडचे जाहीरनामे आजच आले. भाजपचा अमित शहांनी काढला, आघाडीचा ‘महाराष्ट्रनामा’ खर्गेंनी. जेवता जेवता खुणा करत गेलो. आमच्याकडचं, प्रत्येकी ५०० रुपयांत वर्षाला सहा सिलिंडर, हे माझ्या कामाचं. आज सिलिंडर ८०२ रुपये ५० पैशांना आहे, म्हणजे वर्षाला सुमारे अठराशे वाचतात. हा आकडा पत्रकात जाईल, कारण तो कुणालाही घरी पडताळता येतो.

३००० चं मात्र मला ओझं वाटतं. जूनच्या अर्थसंकल्पात १५०० साठी वर्षाला ४६ हजार कोटी धरले, तेव्हा ‘पैसा कुठून आणणार?’ हा प्रश्न आमच्याकडचे लोक विचारत होते. तेवढ्याच बायकांना ३००० म्हणजे ९२ हजार कोटी. आता तोच प्रश्न महायुती आम्हाला विचारते आणि तो रास्त आहे. उमेदवाराला मी लिहून दिलं : सभेत कुणी विचारलं तर बगल देऊ नका, कुठला खर्च मागे ठेवणार ते सांगा.

साडेतीन
कचेरीत वादावादी. पोरांना ‘उद्योग गुजरातला पळवले’ हेच पत्रक हवं. २८ ऑक्टोबरला वडोदऱ्यात टाटा-एअरबसच्या कारखान्याचं उद्घाटन झालंय, मुद्दा ताजा आहे. पण वेदांता-फॉक्सकॉन मी वगळायला लावलं. तळेगावहून तो प्रकल्प धोलेऱ्याला गेला हे खरं, पण २०२३ च्या जुलैत फॉक्सकॉननेच अंग काढलं. शिवाय या आर्थिक वर्षाच्या पहिल्या तिमाहीत देशात आलेल्या परकी गुंतवणुकीतली ५२ टक्के महाराष्ट्रात आली, हे उत्तर देवेंद्र फडणवीसांकडे तयार आहे. त्यापेक्षा आपल्याच रायगडातला रोहा-मुरूडचा बल्क ड्रग पार्क घ्या. २०२२ मध्ये केंद्राने गुजरात, हिमाचल आणि आंध्रला मंजुरी दिली, आपल्याला नाही. तळोजा एमआयडीसीत काम करणाऱ्याला हे लगेच कळतं.

व्हिडिओ करायचं ठरलं, पण तो माध्यम प्रमाणन समितीकडून मंजूर होऊन येईपर्यंत मुद्दा शिळा होईल. छापील पत्रकच जलद.

सात
खांदा कॉलनीत कोपरा सभा. समोरच्यांच्या पत्रकावर नवी मुंबईचा विमानतळ आहे. गेल्याच महिन्यात, ११ ऑक्टोबरला, हवाई दलाचं सी-२९५ तिथे उतरलं. आमच्या उमेदवाराने विमानतळाला नावं ठेवली नाहीत. त्याने मालमत्ता कराचं बिल वर धरलं. पनवेल महापालिका झाली १ ऑक्टोबर २०१६ ला, आणि कराची बिलं त्या तारखेपासूनची आली. त्या काळात वसाहतीतल्या सोयी सिडको बघत होती आणि सेवाशुल्कही घेत होती. एकाच सोयीचे पैसे दोनदा का, एवढंच त्याने विचारलं. मागे उभे असलेले लोक पुढे सरकले. दिवसभरात पहिल्यांदा आम्ही कुणाला उत्तर देत नव्हतो, आता उत्तर द्यायची पाळी त्यांची होती.

दहा
भोंगे बंद. छापखान्यातून प्रूफ आलं. खाली मुद्रकाचं नाव, प्रकाशकाचं नाव, दोघांचे पत्ते, सगळं तपासलं. कायद्याने ते लागतं आणि खर्च ४० लाखांच्या मर्यादेत दाखवावा लागतो. तेलाच्या ओळीत कुणीतरी शेतकऱ्याचं वाक्य उडवलं होतं, जागा पुरत नाही म्हणून. उमेदवाराचा फोटो लहान केला आणि वाक्य परत घातलं.