शेतकऱ्याचा पोरगा आणि त्याची सत्तेचाळीस वर्षांची फटफटी

वाचकहो, तुमच्या गोठ्यामागे किंवा पडवीत एखादी जुनी राजदूत, येझदी नाही तर वडिलांच्या काळातली बुलेट गंजत पडली आहे का? असेल तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी एवढा मजकूर वाचून घ्या. गोष्ट दूरदेशीची आहे, पण माणूस आपल्यातलाच, शेतात वाढलेला.

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटाचं अगदी खालचं टोक म्हणजे साउथलँड. गुराढोरांचा, मेंढ्यांचा, गवती कुरणांचा मुलूख. इन्व्हरकार्गिल हे तिथलं मोठं शहर आणि त्याच्या बाजूला एडनडेल हे गाव. या भागात १८९९ साली बर्ट मन्रोचा जन्म झाला. जुळ्यातली बहीण जन्मतःच गेली. डॉक्टरांनी आईबापांना सांगितलं, हेही पोर दोन वर्षांपुढे जगेलसं दिसत नाही. हे पोर पुढे ७८ वर्षं जगलं, आणि त्यातली साठेक वर्षं फटफटीवर!

लहानपणी बापाच्या शेतावर जो घोडा सगळ्यांत जास्त पळायचा, त्याच्यावर हा बसायचा आणि बापाची बोलणी खायचा. सोळाव्या वर्षी पहिली मोटारसायकल आली. पुढे ओटिराच्या रेल्वे बोगद्यावर काही दिवस काम केलं, पण बापाने नवं शेत घेतलं आणि हाताखाली माणूस हवा म्हणून पोराला परत बोलावून घेतलं. तुमच्याकडे पुण्या-मुंबईला गेलेली पोरं पेरणीला परत बोलावतात, तसंच हे.

१९२० साली त्याने 'इंडियन स्काउट' नावाची गाडी घेतली. नाव ऐकून फसू नका. इंडियन ही कंपनी अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डची. तिचा आपल्या देशाशी काही संबंध नाही. गाडी ६०० सीसीची, दोन सिलिंडर इंग्रजी 'व्ही'सारखे बसवलेले, गिअर हाताने टाकायचा आणि क्लच पायाने दाबायचा. कारखान्यातून निघाली तेव्हा ताशी ८८ किलोमीटरच्या आसपास पळायची. बर्टने तिला १९२६ पासून हात लावला, तो जन्मभर काढला नाही.

आता थोडं इंजिनाविषयी, कारण ज्यांनी विहिरीवर ऑईल इंजिन चालवलंय त्यांना हे चटकन कळेल. मूळ इंजिनात व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला होते. अशा रचनेत हवा आणि पेट्रोल आत शिरायला वळसा पडतो, इंजिन मोकळा श्वास घेत नाही आणि ताकद एका मर्यादेपुढे जात नाही. बर्टने ते व्हॉल्व्ह वर, हेडमध्ये नेले. त्यासाठी लागणारे भाग विकत मिळणार कुठून? त्याने स्वतः केले. धातू वितळवून जुन्या डब्यांत ओतायचा आणि त्यातून पिस्टन घडवायचा. कनेक्टिंग रॉडसाठी त्याने ट्रॅक्टरचा मोडका ॲक्सल घेतला आणि हाताने घासून घासून रॉड काढले. सिलिंडर, फ्लायव्हील, कॅम, ऑईल फिरवायची व्यवस्था, सगळं घरचं. मोजमापाला कित्येकदा चाकाचा जुना आरा वापरायचा. आपल्याकडचे लेथवाले मिस्त्री यावर हसतील, पण एखादा जुना मिस्त्री हसणार नाही, कारण त्याने स्वतःही असंच काम केलेलं असतं.

अर्थात घरचे भाग टिकतातच असं नाही. ताकद वाढली की आधी पिस्टन फुटायचे, मग रॉड तुटायचे. हा गडी फुटलेले तुकडे फेकत नसे. शेडमध्ये एक फळी ठोकून त्यावर ते मांडून ठेवले आणि 'वेगाच्या देवाला नैवेद्य' अशा अर्थाचं लिहून ठेवलं. आपण खंडेनवमीला अवजारं पुजतो, त्याने मोडकी अवजारं पुजली म्हणायची.

पैसा कुठून आला, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. पैसा नव्हताच. विसाच्या दशकाच्या शेवटी शर्यतींवर पोट भरायचा प्रयत्न झाला, ऑस्ट्रेलियातही जाऊन पळवली, पण जागतिक मंदी आली तसा तो घरच्या शेतावर परतला. पुढे मोटारसायकली विकायची आणि दुरुस्तीची नोकरी केली. रात्रभर शेडमध्ये खटपट करायची आणि सकाळी तसंच कामावर जायचं, हा नेम. १९२७ साली लग्न झालं, चार मुलं झाली. १९४७ साली घटस्फोट झाला. चित्रपटवाले हा भाग भरभर उरकतात, पण मला वाटतं गाडीची खरी किंमत इथे मोजली गेली. चाळीशीच्या दशकाच्या अखेरीस त्याने नोकरीही सोडली आणि तो त्या शेडमध्येच राहायला गेला. एका बाजूला खाट, दुसऱ्या बाजूला गाडी. अशा माणसाला गावात काय म्हणतात ते तुम्हाला ठाऊक आहे.

त्या गावातच ओरेटी नावाचा लांबलचक वाळूचा किनारा आहे. ओहोटीला वाळू घट्ट बसली की तिथे शर्यती व्हायच्या. १९५७ साली त्याने किनाऱ्यावर ताशी २११ किलोमीटरचा न्यूझीलंडचा विक्रम केला. पण किनारा कितीही लांब असला तरी अशा गाडीला अपुराच.

म्हणून त्याची नजर अमेरिकेतल्या बॉनव्हिलवर होती. युटा राज्यात, समुद्रसपाटीपासून जवळजवळ १३०० मीटर उंचीवर, एका प्राचीन सरोवराच्या तळाचं मीठ मैलोगणती पसरलंय. उन्हाळा सरता सरता ते वाळून फरशीसारखं होतं, आणि जगभरचे वेगवेडे तिथे जमतात. नियम असा की एका दिशेने पळालात तेवढ्याने भागत नाही. उलट दिशेनेही पळायचं आणि दोन्हींची सरासरी विक्रम म्हणून धरायची. वारा पाठीशी असताना औषधाचा पंप किती सोपा आणि तोंडावर आला की कसा, हे ज्याला ठाऊक आहे त्याला हा नियम समजावून सांगायला नको.

१९६२ साली, ६३ वर्षांचा असताना, बर्टने तिथे ताशी २८८ किलोमीटरचा विक्रम केला. इंजिन तोवर बोअर करून ८५० सीसीपर्यंत नेलं होतं. १९६६ साली पुन्हा एक. आणि २६ ऑगस्ट १९६७ रोजी, इंजिन ९५० सीसी, गाडीचं वय ४७ आणि स्वाराचं ६८, हजार सीसीखालच्या गटात ताशी २९५ किलोमीटर. त्याआधीच्या पात्रता फेरीत एका दिशेने तर ३०५ च्या वर गेला होता. मुख्य म्हणजे ही गाडी बनवणाऱ्या मूळ कंपनीचं उत्पादन १९५३ सालीच बंद पडलं होतं. मालकाने तिला कंपनीपेक्षा चौदा वर्षं जास्त जगवली होती.

हृदयविकार त्याला बरीच वर्षं होताच. शेवटी शेवटी प्रकृतीने साथ सोडली तेव्हा गाड्या साउथलँडमधून बाहेर जाऊ नयेत म्हणून त्याने त्या इन्व्हरकार्गिलच्याच एका हार्डवेअर दुकानदाराला विकल्या. खिळे, मोळे, नटबोल्टच्या दुकानात ती गाडी मांडलेली आहे. ६ जानेवारी १९७८ रोजी बर्ट वारला.

२००५ साली त्याच्यावर 'द वर्ल्ड्स फास्टेस्ट इंडियन' हा चित्रपट निघाला, अँथनी हॉपकिन्सने काम केलंय. त्यात अनेक वर्षांच्या फेऱ्या एकत्र करून टाकल्यात, तेव्हा इतिहास म्हणून पाहू नका. पण त्यातला म्हातारा रोज पहाटे लिंबाच्या झाडाला 'घरचं खत' घालतो, ते पाहून तुमच्यापैकी बरेच जण ओळखीचं हसतील.

आणि एक गोष्ट खास तलाठी भाऊसाहेब आणि ग्रामसेवक मंडळींसाठी. १९६७ च्या विक्रमाची सरासरी काढताना हिशेबात चूक झाली होती. बर्टच्या मुलाच्या ती लक्षात आली. त्याने दोन्ही फेऱ्यांचे आकडे दाखवून दिले, आणि २०१४ साली, म्हणजे बाप जाऊन ३६ वर्षं झाल्यावर, अमेरिकन मोटारसायकल संघटनेने नोंद दुरुस्त केली. ताशी १८३.५८६ मैलांच्या जागी आता १८४.०८७ मैल आहेत. अर्ध्या मैलाचाच फरक, पण वारसाने अर्ज केला आणि फेरफार झाला.