वेग थोडा, बचत मोठी

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. बोर्ली पंचतन ज्या श्रीवर्धन तालुक्यात आहे, तेथील वीज कित्येक दिवस गेली होती. अशा वेळी जुन्या लॅपटॉपची बॅटरी पुरवायची कशी?

प्रोसेसरची शक्ती मुख्यतः वारंवारता आणि विद्युतदाबाचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात खर्च होते. २००० साली आलेला एक पेंटियम ३ प्रोसेसर ६५० मेगाहर्ट्झवरून ५०० वर येई, तेव्हा त्याचा दाबही १.६ व्होल्टवरून १.३५ वर उतरे.

विद्यार्थी मित्रांनो, गणित करून पाहा! वेग २३ टक्के घटतो. शक्ती मात्र सुमारे ४५ टक्के. काम लांबते खरे, तरीही तेवढ्याच कामामागे प्रोसेसरची सुमारे २९ टक्के ऊर्जा वाचते. दाब तोच ठेवून नुसता वेग उतरवला, तर ही बचत होत नाही. खरी किमया वर्गाची!